डीआर म्हणजे डॉक्टर नव्हे

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आमच्या चाळीतला एक कर्ता माणूस गेला. वय अवघे शेहेचाळीस. सकाळी नाक्यावर उभा राहायचा, सेंटरिंगचे काम मिळेल तिकडे जायचा. एका रात्री छातीत कळ आली, शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेले आणि तिसऱ्या दिवशी सगळे आटोपले. मागे पत्नी, म्हातारी आई, अकरावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, चाळीने वर्गणी काढून दिली, आणि मग ज्याचा तो आपापल्या कामाला लागला. गरिबाघरचे दुःख असेच असते. त्याला फार दिवसांची सुट्टी मिळत नाही.

पुढे फेब्रुवारीत त्या माउलीने नवऱ्याचे पासबुक आमच्याकडे आणले. चाळीत आमची ख्याती ‘कागद वाचणारे’ अशी आहे, त्यामुळे वीजबिलापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत सगळे आमच्या ओट्यावर येऊन पडते. खात्यात हजार-अकराशे रुपये शिल्लक होते. ते काढून खाते बंद करायचे, त्यासाठी अर्ज लिहून हवा होता. सोबत सासू आणि मुलगीही आल्या होत्या.

पासबुक चाळता चाळता शेवटच्या पानावर एक ओळ दिसली. मे महिन्याची तारीख, इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक आगगाडी, पुढे आकडा ४३६ आणि त्याला चिकटून दोन अक्षरे : डी आणि आर.

म्हातारी लगेच म्हणाली, “ती डाक्टरची फी. माणूस तर वाचला न्हाई, पैसं मातुर बराबर कापून घेतलं.”

खोटे कशाला बोलावे? आम्हीही क्षणभर तेच वाचले होते. डीआर म्हणजे डॉक्टर, हे डोक्यात इतके घट्ट बसलेले की डोळा पुढे सरकलाच नाही. पण मुलगी कॉमर्सची. ती म्हणाली, “आजी, बाबांना दवाखान्यात ऑगस्टमध्ये नेलं. हे मे महिन्यातलं आहे. आणि हे डॉक्टर नाही, डेब्टर आहे.”

अकरावीच्या पोरीने आम्हाला गप्प केले. त्या ४३६ रुपयांचे पुढे काय झाले ते सांगायचे आहेच. पण त्याआधी या दोन अक्षरांची ओळख करून घेऊ, कारण ही अक्षरे आपल्या घरात रोज येतात. औषधाच्या चिठ्ठीवर येतात, पासबुकात येतात, मोबाईलच्या संदेशात येतात, आणि दर चौदा एप्रिलला कमानीवर, फलकावर, प्रत्येक पत्रिकेवर येतात.

आधी त्या मुलीचा उच्चार दुरुस्त करू. तो शब्द लिहिताना त्यात ‘बी’ आहे, पण बोलताना ‘डेटर’ म्हणतात. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच. पुढे पंडितांना वाटले की मूळ लॅटिन शब्दात ‘बी’ आहे, तर आपणही लिहावा. तेव्हापासून बिचारा ‘बी’ ओळीत उभा आहे आणि त्याला कोणी हाक मारत नाही. पंडितांनी घातलेला घोळ सामान्य पोराने पाठ करायचा, हा प्रकार काही आपल्याकडेच आहे असे नाही.

तर डेटर म्हणजे देणेकरी. ज्याच्याकडून येणे आहे तो. इंग्रज व्यापाऱ्याच्या खातेवहीत पानाच्या डाव्या बाजूला डेटर आणि उजव्या बाजूला क्रेडिटर, म्हणजे धनको, असे मथळे असत. रोज रोज पूर्ण शब्द कोण लिहीत बसणार? म्हणून पहिले आणि शेवटचे अक्षर तेवढे ठेवले : डीआर आणि सीआर. कित्येक जण सांगतात की डीआर म्हणजे डेबिट. अर्थाने ते बरोबर चालते. पण डेबिट या शब्दात ‘आर’ कुठे आहे? शोधून पाहा, सापडणार नाही. तो ‘आर’ डेटरचा आहे. हिशेब लिहिण्याची ही दुहेरी पद्धत व्हेनिसच्या व्यापाऱ्यांत रूढ होती. लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने, जो गणिती होता, ती १४९४ साली छापील पुस्तकात समजावून सांगितली. आज संगणकात बसलेली आपली बँक त्याच चालीने चालते.

आपल्या मराठीत याला शब्द आहेत, आणि ते आपल्या वाडवडिलांना चांगले ठाऊक होते : नावे आणि जमा. सावकाराच्या दुकानात ज्वारीची पायली घेतली की तो वहीत ‘नावे’ टाकायचा. म्हणजे तुमच्या नावावर देणे चढले. वही त्याची, लेखणी त्याची, आणि आपला आजा उंबऱ्याबाहेर उभा. आत काय लिहिले ते त्याला वाचता येत नव्हते, वाचायला मिळतही नव्हते. एकाचे दोन झाले तरी अंगठा त्याचाच. आज वही आपल्या हातात येते, आपल्या नावाची असते, तिच्यावर आपला फोटो असतो. तरीही आपण तिच्यातली शेवटची शिल्लक पाहून ती मिटतो. हे काही बरे नाही.

आता दुसरा डीआर, डॉक्टरचा. हा शब्दही लॅटिनमधला. पण वाचकहो, त्याचा मूळ अर्थ ऐकून नवल वाटेल. ‘दोकेरे’ म्हणजे शिकवणे, आणि डॉक्टर म्हणजे शिकवणारा. युरोपात आठ-नऊशे वर्षांपूर्वी विद्यापीठे निघाली, तेव्हा ज्याला तिथे शिकवण्याचा अधिकार मिळे तो डॉक्टर. धर्मशास्त्राचा असो, कायद्याचा असो, वैद्यकाचा असो. सुई टोचणे, नाडी पाहणे याच्याशी शब्दाचा संबंध नंतर आला. आपल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले एम.बी.बी.एस. डॉक्टर घ्या. त्या पदवीत दोनदा ‘बॅचलर’ हा शब्द आहे, ‘डॉक्टर’ एकदाही नाही. त्यांना डॉक्टर म्हणतात ते रूढीने. म्हणू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. रात्री दोन वाजता दार उघडणाऱ्याला काय म्हणायचे ते म्हणा.

इंग्लंडात तर याहून मौज आहे. तिथे शस्त्रक्रिया करणारा सर्जन आपल्या नावामागे डॉक्टर लावत नाही, मिस्टर लावतो. पूर्वी वैद्य विद्यापीठात शिकून यायचे, तर चिरफाड करणारे उमेदवारी करून हातांनी शिकायचे. लंडनमध्ये सर्जन आणि न्हावी यांची १७४५ पर्यंत एकच पेढी होती, म्हणजे धंद्याची एकच संघटना. पोथीवाला तो डॉक्टर आणि हाताने काम करणारा तो नुसता मिस्टर. हाताच्या कामाला खालचे मानण्याची ही खोड आपल्याला ओळखीची वाटावी. पुढे सर्जनांनाही मोठेपण आले, शिक्षण आले, तरी त्यांनी तो मिस्टर सोडला नाही. उलट तोच अभिमानाने मिरवला. आजही तिथे सर्जनला डॉक्टर म्हटले तर तो हसून दुरुस्त करतो.

दोन वर्षांपूर्वी विहारात जयंतीच्या तयारीची बैठक चालू असता एका आठ वर्षांच्या पोराने विचारले, “बाबासाहेब कोणत्या रोगाचे डॉक्टर होते?” मोठी माणसे हसली. आम्हाला मात्र त्या पोराचे कौतुक वाटले, कारण हसणाऱ्यांपैकी किती जणांना उत्तर सांगता आले असते ते आम्ही जाणतो. म्हणून इथे लिहून ठेवतो. बाबासाहेबांच्या नावाआधीचा ‘डॉ.’ हा कोणी मानाने बहाल केलेला नाही, तो अभ्यास करून मिळवलेला आहे, आणि एकदा नव्हे, दोनदा. लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. १९२७ साली, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या प्रबंधासाठी. पुढे कोलंबियाने १९५२ साली एल्एल.डी. आणि उस्मानिया विद्यापीठाने १९५३ साली डी.लिट. या पदव्या सन्मानाने दिल्या. त्या आल्या तेव्हा नावामागचा ‘डॉ.’ तीस वर्षांचा जुना झाला होता.

पीएच.डी.ची तारीख पाहून काही जण गोंधळतात. अमेरिकेत शिकले १९१३ ते १९१६, आणि पदवी १९२७ ला कशी? प्रबंध आधीच तयार झाला होता. पण तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दिल्याशिवाय पदवी हाती पडत नसे. प्रबंध ग्रंथरूपाने लंडनमध्ये १९२५ साली निघाला, तेव्हा पुढचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे अभ्यास संपला तरी पैशाअभावी आणि परिस्थितीअभावी ‘डॉ.’ अडून राहू शकतो.

आणि इथे ते दोन डीआर एकमेकांना भेटतात, हे आम्हाला ही ओळ लिहिताना जाणवले. बडोद्याची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची, तीही परत येऊन दहा वर्षे नोकरी करण्याच्या कराराने मिळालेली. मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पै पै साठवली. शाहू महाराजांनी मदत केली, आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले. तेव्हा १९२० साली पुन्हा लंडन गाठता आले. कर्ज काढून रुपयावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी ! डॉक्टर होण्याआधी डेटर व्हावे लागले, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

त्या ‘डॉ.’ची किंमत मराठवाड्याने वेगळ्या तऱ्हेने मोजली. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला. त्यानंतर घरे जळली, माणसे मारली गेली. प्रत्यक्षात नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. साडेपंधरा वर्षे. आणि आता आपलीच मुले विचारल्यावर काय सांगतात? “बामूला आहे.” संक्षेप करू नये असे नाही. लांब नाव जिभेला जड जाते, प्रवेश अर्जाच्या चौकोनांत मावत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण घरातल्या लहानांना एकदा तरी पूर्ण नाव, त्यातल्या ‘डॉ.’सकट, म्हणून दाखवावे.

मराठीतल्या ‘डॉ.’विषयीही दोन शब्द. इंग्रजीने शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर घेतले. आपण नुसते पहिले घेतले आणि पुढे टिंब दिले. त्यामुळे मराठीत गोंधळ होत नाही. ‘डॉ.’ म्हणजे डॉक्टरच, आणि खातेवहीत लिहायचे ते ‘नावे’. घोळ होतो तो फक्त इंग्रजी अक्षरे पाहिल्यावर. तिथे टिंबही मदत करत नाही. इंग्लंडातले लोक बहुधा टिंब देत नाहीत, अमेरिकेतले देतात, आणि आपल्या बँकेतले यंत्र त्याला वाटेल ते करते.

अमेरिकेवरून आठवले. तिसरा डीआर तिकडचा आहे. आमच्या ओळखीच्या एका सेवानिवृत्त पोस्टमनचा मुलगा संगणकाच्या नोकरीसाठी तिकडे गेला. त्याने घरचा पत्ता पाठवला. घर क्रमांक, पुढे ‘ओक’ आणि पुढे डीआर. आमचे स्नेही महिनाभर साऱ्यांना सांगत होते, “पोराचं बरं झालं, मराठी माणसाकडे राहायला मिळालं. डॉक्टर ओक म्हणून आहेत कोणी.” जन्मभर पत्ते वाचलेला माणूस, पण फसला. ओक हे तिकडे एका झाडाचे नाव, आणि डीआर म्हणजे ‘ड्राइव्ह’, रस्त्याचा एक प्रकार. मुलाने फोनवर सांगितले तेव्हा स्वारी दोन दिवस आमच्याकडे फिरकली नाही. त्यात लाजण्यासारखे काय आहे? शब्द एकच, पण तो चिठ्ठीवर आहे, पत्त्यात आहे की वहीत आहे, हे पाहिल्याशिवाय कोणाच्या बापाला अर्थ लागणार नाही.

आता वहीतल्या डीआरकडे परत येऊ, कारण खरे काम तिथे आहे.

पासबुक आपले असले तरी ते लिहिलेले असते बँकेच्या बाजूने. एवढे ध्यानात ठेवले की निम्मे कोडे सुटते. तुम्ही हजार रुपये भरले. बँकेकडे तुमचे हजार आले, म्हणजे बँक तुमचे देणे लागते आणि तुम्ही तिचे धनको झालात. म्हणून त्या ओळीपुढे सीआर, म्हणजे जमा. तुम्ही दोनशे काढले, बँकेचे देणे तेवढे उतरले, म्हणून डीआर, म्हणजे नावे. बचत खात्यात शेवटच्या शिल्लकेपुढे सीआर असले पाहिजे. तिथे डीआर आले तर समजावे की खाते उणे झाले आहे आणि तुम्हीच बँकेला देणे लागता. तसे दिसले तर शाखेत जाऊन कारण विचारावे. किमान शिल्लक ठेवली नाही एवढ्याच दंडापायी खाते उणे होऊ देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१४ साली बँकांना बजावले आहे.

कर्जाच्या खात्यात उलटे. तिथली शिल्लक डीआरच असते, कारण ते आपण फेडायचे असते. आमच्या भागातल्या एका बचत गटाच्या भगिनींनी कर्जखात्याचा उतारा आणला, त्यात शिल्लक ८५ हजार आणि पुढे डीआर. गटात आनंदीआनंद. आपली बचत एवढी झाली म्हणून सहलीचा बेत ठरला होता. तो उतारा बचतीचा नव्हता. आम्ही सांगितले तेव्हा त्यांची तोंडे उतरली, पण हप्ता थकायच्या आत कळले हे बरेच झाले.

मोबाईलवर संदेश येतो त्यातही हीच अक्षरे असतात. न केलेल्या व्यवहारापुढे डीआर दिसले तर उद्यावर टाकू नये. त्याच घटकेला बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आणि आता ते ४३६ रुपये.

पुढची अक्षरांची आगगाडी आम्ही एकेक डबा करून वाचली : पी, एम, जे, जे, बी, वाय. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. ही २०१५ साली निघाली. अठरा ते पन्नास वयाच्या खातेदाराला तिच्यात नाव घालता येते, पंचावन्नपर्यंत विमा चालू राहतो. हप्ता आधी वर्षाला ३३० रुपये होता, १ जून २०२२ पासून ४३६ झाला. मेच्या अखेरीस तो खात्यातून आपोआप कापला जातो आणि १ जूनपासून पुढच्या ३१ मेपर्यंत संरक्षण मिळते. माणूस कोणत्याही कारणाने वारला तरी वारसदाराला दोन लाख. नव्याने नाव घातल्यावर पहिल्या तीस दिवसांत मात्र अपघाती मृत्यूलाच पैसे मिळतात. हिचीच धाकटी बहीण सुरक्षा विमा योजना. तिचा हप्ता वर्षाला २० रुपये, अठरा ते सत्तर वयासाठी, पण ती फक्त अपघाताची.

त्या बिचाऱ्याने कधीतरी खाते काढताना पाच-सहा ठिकाणी सह्या केल्या असतील. त्यातली एक या विम्याची. घरी त्याने सांगितले नाही, कदाचित त्यालाही कळले नसेल. मागची पाने उलटली तर आधीच्या मे महिन्यांतही तीच आगगाडी, तोच डीआर. वर्षानुवर्षे घरातून पैसे जात होते आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

आम्ही खाते बंद करण्याचा अर्ज फाडला आणि त्या तिघींसोबत शाखेत गेलो. शाखेचे नाव इथे देत नाही. खिडकीवरच्या गृहस्थांनी मृत्यूचा दाखला पाहिला आणि खाते बंद करण्याचा कागद पुढे सरकवला. विम्याचे ते काही बोलले नाहीत. आम्ही बोटाने ओळ दाखवली तेव्हा म्हणाले, “सहा महिने काय करत होता?” मुलगी शांतपणे म्हणाली, “ही ओळ इंग्रजीत होती, साहेब.” मग दाव्याचा फॉर्म निघाला. मृत्यूचा दाखला, वारसदाराचे ओळखपत्र, तिच्या स्वतःच्या खात्याचा तपशील. वारस म्हणून पत्नीचेच नाव लागलेले होते, त्यामुळे पुढची दगदग वाचली. दावा महिन्याभरात करावा असे अपेक्षित असते. आमचा उशिराचा होता, म्हणून तीन खेपा जास्त झाल्या. एकदा दाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला, तर त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले.

जुलै २०२४ मध्ये त्या माउलीच्या खात्यात दोन लाख रुपये आले. पासबुक भरून आणले आणि तिघी पुन्हा आमच्या ओट्यावर. त्यातले काही हातउसने फेडायचे होते, काही मुलीच्या बारावीसाठी बाजूला ठेवायचे होते. म्हातारीने पान डोळ्यांजवळ धरले आणि विचारले, “हितं डाक्टर हाय का?”

“नाही आजी, सीआर आहे. जमा.”

“मग ऱ्हाऊ दे,” म्हातारी म्हणाली, आणि पासबुक कमरेच्या पिशवीत घालून उठली.

तुमच्या घरातली पासबुके या रविवारी काढून बसा. मे महिन्याच्या ओळी पाहा, आणि घरात कोणी अलीकडे गेले असेल तर त्याच्या पासबुकापासून सुरुवात करा. अक्षर लागले नाही तर घरातल्या कॉमर्सच्या पोराला विचारा, नाहीतर आमचा ओटा आहेच.

विक्रोळीच्या एका भगिनीने पत्र पाठवून विचारले आहे की पत्त्यात ‘द्वारा’च्या जागी सी आणि ओ यांच्यामध्ये तिरपी रेघ का काढतात. त्याविषयी पुढील अंकी.